विषम तोलाची मांडणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची मांडणी मी नव्याने केली, त्याला आता आठ महिने झाले. जुने मुखपृष्ठ पूर्णपणे सममित होते. मधोमध बोधचिन्ह, त्याखाली मधोमध नाव आणि दोन्ही अंगांना सारख्या रुंदीचे रकाने, असे ते लग्नपत्रिकेसारखे नीटनेटके दिसे. परंतु नजर आधी कोठे जावी, हे त्यातून कळत नसे. म्हणून विषम तोल निवडला, म्हणजे दोन्ही अंगे सारखी नसूनही त्यांचे दिसणारे वजन सारखे ठेवायचे. सीएसएस ग्रिडमध्ये (पृष्ठ रकान्यांत आखण्याच्या सोयीत) बारा स्तंभ आखले आणि त्यांतले डावीकडचे आठ नव्या पुस्तकांच्या छायाचित्राला, तर उरलेले चार सूचनांना व सभासदत्वाच्या बटणाला दिले.

संगणकाच्या पडद्यावर ही वाटणी अपेक्षेपेक्षा चांगली टिकली. छायाचित्र मोठे असले तरी फिकट आहे, आणि बोटभर लांबीचे 'सभासद व्हा' हे बटण गडद मरून रंगाचे असून त्याच्याभोवती भरपूर मोकळी जागा आहे. त्यामुळे पारडे डावीकडे झुकत नाही. डोळे किलकिले करून पृष्ठ पाहिले की अक्षरे पुसट होतात आणि नुसते गडद-फिकट ठिपके उरतात. तोल तपासण्याची याहून सोपी रीत मला अजून सापडलेली नाही. सूचनांचा रकाना हलका दिसावा म्हणून मध्यंतरी त्यातला मजकूर मी फिकट करडा केला होता. तोल साधला, पण ज्येष्ठ सभासदांना वाचता येईना. साध्या आकाराच्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ एवढा रंगविरोध असावा, असा सुगम्यतेचा संकेत आहे, आणि माझा करडा रंग त्याच्या खाली गेला होता.

खरी परीक्षा देवनागरीने घेतली. दृश्य तोलाचे बहुतेक धडे रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेले असतात. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असल्यामुळे ओळीचे वजन वरच्या अंगाला राहते. मी 'मुक्त' हा मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचना संस्थेचा फॉन्ट वापरतो. त्यात २०० पासून ८०० पर्यंत सात जाडी आहेत. शीर्षकाला आरंभी ८०० ची जाडी दिली, तेव्हा शिरोरेषांचा मिळून एक काळा पट्टाच तयार झाला आणि पृष्ठाचा सगळा भार माथ्यावर आला. ६०० वर आणल्यावर शीर्षक ठसठशीत राहिले आणि पट्टा मात्र मोडला. मजकुरातील ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या १.७ पट ठेवली, कारण त्याहून कमी ठेवली तर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांच्या फार जवळ येऊन रकाना दाट आणि जड दिसू लागतो.

शेजारी शेजारी असलेल्या 'वर्गणी' आणि 'सूचना' या दोन बटणांनी तर माझे दोन दिवस खाल्ले. 'वर्गणी'मध्ये रफार आणि वेलांटी वर आहेत व खाली काहीच नाही. 'सूचना'मध्ये ऊकार खाली आहे आणि वरची जागा रिकामी. त्यामुळे एक शब्द आपल्या चौकटीत वर सरकल्यासारखा, तर दुसरा खाली बसल्यासारखा वाटे. मी प्रत्येक शब्द दोन-दोन पिक्सेल हलवून मध्यावर आणला, आणि दोघांच्या शिरोरेषा वरखाली झाल्या! ते अधिकच खटकू लागले. शेवटी शिरोरेषा एका रेषेत ठेवल्या आणि चौकटीतला किंचित असमतोल सोडून दिला. आजवर त्याबद्दल कोणाचीही तक्रार आलेली नाही.

मोबाइलवर मात्र ही मांडणी मला जपून वापरावी लागली. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर आठ-चारची वाटणी उरतच नाही. सारे एकाखाली एक येते, आणि तोल डाव्या-उजव्याऐवजी वर-खाली पाहावा लागतो. छायाचित्राने पहिला पडदा व्यापला आणि बटण पार तळाशी गेले. केवळ सीएसएसने क्रम बदलला असता, तर दिसण्याचा क्रम एक आणि कळफलकाने किंवा पडदावाचकाने (दृष्टिहीनांना पृष्ठ वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने) जाण्याचा दुसरा, असे झाले असते. म्हणून मूळ एचटीएमएलमध्येच, म्हणजे पृष्ठाच्या मूळ संहितेतच, बटण छायाचित्राच्या आधी घेतले. संगणकावर ते ग्रिडच्या उजव्या रकान्यात बसते.

या पद्धतीतला मोठा दोष असा, की पृष्ठात काय ठेवले जाते यावर ती विसंबून असते. दिवाळीत कार्यकारिणीने एक लालभडक शुभेच्छापट फिकट छायाचित्राच्या जागी लावला, आणि पृष्ठ डावीकडे कोसळल्यासारखे दिसू लागले. आता त्या जागेतील प्रत्येक चित्रावर मी पांढऱ्या रंगाचा पातळ थर चढवतो, म्हणजे कोणी काहीही लावले तरी त्याचे वजन आवाक्यात राहते. सभासदत्वाचा अर्ज आणि वेळापत्रक ही दोन पृष्ठे मी पुन्हा सममित, एकाच रकान्याची केली आहेत. तेथे वाचकाला काही शोधायचे नसते. अर्जातल्या जागा एकामागून एक भरायच्या किंवा वेळ पाहून निघायचे असते.