शून्य व्होल्टचं अर्थिंग

स्टुडिओच्या वायरिंगमध्ये कोणी फसवलं तर ते लगेच कळत नाही. दिवे लागतात, मिक्सर चालू होतो, स्पीकरमधून आवाज येतो आणि माणूस बिल घेऊन निघून जातो. फोंड्याजवळच्या आमच्या लहानशा स्टुडिओत असंच झालं. भजनं, नाट्यगीतं आणि चतुर्थीच्या आधी घुमट आरत्या, एवढंच आमचं काम. ‘स्टुडिओ वायरिंगचा स्पेशालिस्ट’ म्हणवणाऱ्या एका ठेकेदाराने अर्थिंग, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (इनपुट आणि आउटपुटच्या गुंडाळ्या पूर्ण वेगळ्या असलेला) आणि दोन खोल्यांमधली माइकची केबल असं सगळं एकरकमी घेतलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण त्याच्या युक्त्या मात्र सविस्तर सांगतो.

काम संपल्यावर त्याने सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून दाखवला. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ शून्य. ‘‘सर, पूर्ण शून्य! असं अर्थिंग गोव्यात शोधून मिळणार नाही.’’ अंगणात अर्थपिटचं, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याचं, झाकणही दिसत होतं. आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) मात्र त्याने बायपास करून ठेवली होती. म्हणाला, स्टुडिओतल्या पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून अर्थला थोडा करंट जातोच, त्यामुळे ती उगाच पडते आणि टेक मध्येच तुटतो. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. बरीच यंत्रं एकाच आरसीसीबीवर असली तर असं होऊ शकतं. त्याला उपाय म्हणजे सर्किट वेगळी करून प्रत्येकाला वेगळी आरसीसीबी बसवणं. ती काढून टाकणं हा उपाय नव्हे.

मग हम, म्हणजे विजेची सततची घरघर, सुरू झाला. गाण्याच्या खोलीतला एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की हेडफोनमधली घरघर वाढायची आणि थांबला की कमी व्हायची. ठेकेदाराचं निदान तयार होतं: केबल हलकी आहे, इंपोर्टेड टाका. ती टाकली, तिचे वेगळे पैसे घेतले, हम तसाच. तेव्हा म्हणाला, ‘‘प्लगची तिसरी पिन कापून टाकतो, बघा कसं शांत होतं.’’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकलंत तर त्या माणसाला वायरला हात लावू देऊ नका.

वीज खात्यातून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक काका आले. त्यांनी सॉकेटमध्ये मीटर लावला, त्याच लाइनवर इस्त्री चालू करायला सांगितली आणि आकड्याकडे बघत राहिले. शून्यच. ‘‘लोड आल्यावर न्यूट्रलमध्ये थोडा तरी ड्रॉप पडायलाच हवा, बाबा. इथे काटा हलत नाही म्हणजे आतच जोडलंय.’’ मेन बंद करून त्यांनी सॉकेट उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर काळी वायर. दुसऱ्या खोलीतही तेच. पिटमधली वायर भिंतीत शिरत होती खरी, पण बोर्डापर्यंत पोचलीच नव्हती. झाकणाखाली मीठ, कोळसा आणि जेमतेम दीड फुटाचा गजाचा तुकडा. आमच्याकडच्या चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंग लागायला खोल जावं लागतं. पावसात सगळं बरं वाटतं, खरी परीक्षा वैशाखात.

हमचं कोडंही तिथेच सुटलं. दोन्ही खोल्यांत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले, म्हणून एसीच्या परतीच्या करंटचा काही भाग माइक केबलच्या शील्डमधून (तारांभोवतीच्या धातूच्या विणीतून) वाहत होता. यापेक्षा भयंकर गोष्ट वेगळीच होती. मेनच्या बाजूला कुठे न्यूट्रल तुटला असता तर अर्थला जोडलेला प्रत्येक धातूचा भाग, माइकच्या जाळीसकट, जिवंत झाला असता. गायक त्या जाळीला ओठ लावूनच गातो. आरसीसीबी बायपास करण्याचं कारणही न्यूट्रल-अर्थची ही जोडणीच असावी. ती असती आणि अर्थला कुठूनही जमिनीची वाट मिळाली असती, तर लोड येताच ती पडली असती.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची परीक्षा तर अगदी सोपी. प्लग काढा, मीटर ओहमवर ठेवा, एक टोक इनपुटच्या फेज किंवा न्यूट्रल पिनला आणि दुसरं आउटपुटच्या तशाच पिनला लावा (अर्थच्या नव्हे). दोन्ही गुंडाळ्या खरोखर वेगळ्या असतील तर काहीच कंटिन्यूइटी येता कामा नये. आमच्याकडे दोन-तीन ओहम आले. झाकण काढलं तर आत जुन्या स्टॅबिलायझरचा ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच गुंडाळीचा, वर नवा रंग.

‘इंपोर्टेड’ केबलची तार ब्लेडने खरवडली. वर तांब्याचा रंग, आत चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. लोहचुंबकाने हे कळत नाही, कारण दोन्ही धातू त्याला चिकटत नाहीत. खरं सांगायचं तर माइकच्या सिग्नलला यामुळे कानाला कळेल असा फरक पडत नाही, पण ही तार सोल्डरजवळ लवकर तुटते, आणि आपण पैसे तांब्याचे दिलेले असतात. हाच प्रकार पॉवरच्या वायरमध्ये असेल तर जोड तापतात. तिथे आयएसआय मार्क आणि चौरस मिलिमीटरचा आकडा दोन्ही बघून घ्या. एक्सएलआर, म्हणजे माइकचा तीन पिनांचा, प्लगही उघडून बघा. आमच्यात आत एकच तार होती आणि पिन १ व ३ एकत्र जोडलेल्या. म्हणजे बॅलन्स्ड लाइनचा (सिग्नल दोन तारांतून नेणाऱ्या जोडणीचा) हम कापण्याचा गुणच गेला, आणि माइकला केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर एका पिनवर जमिनीला जोडला गेला.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. फोन वाजतो, उचलत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर दोन वर्षांची मुदत असते. ‘हा धंद्यासाठीचा व्यवहार, तुम्ही ग्राहकच नाही’ असं समोरून म्हणतील, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे. आमची अडचण वेगळीच आहे: बिलावर ‘अर्थिंग व केबलिंग, एकूण’ एवढीच ओळ. तुम्ही काम देत असाल तर इलेक्ट्रोड किती फूट, अर्थ रेझिस्टन्स किती ओहम आला, ट्रान्सफॉर्मर किती व्हीए क्षमतेचा, केबल कोणत्या धातूची आणि किती कोअरची, हे बिलावर लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदारासमोर बोर्ड उघडा, आणि उघडणारा इलेक्ट्रिशियन परवानाधारक, तुमच्या ओळखीचा असू द्या. ठेकेदाराने आणलेला नको.