आजारी लेकराला घरी न्यायचं, आयसीयूत ठेवायचं की हॉस्पिसमध्ये?

आजार आता बरा होणार नाही हे कळतं आणि "घरी न्या, आता सेवा करा," असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा आई-बाबांना पहिला प्रश्न पडतो तो हाच: नेऊ की नको? माझं मत आधीच सांगते. मूल घरी जायचं म्हणत असेल तर ते ऐकावं, पण दुखणं थांबवणारं औषध घरात असेल आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारी डॉक्टर किंवा नर्स असेल तरच. नुसत्या मायेवर घरी नेऊ नये.

घरी त्याची उशी असते, आजी असते, भावंडं अंथरुणात शिरतात. पण सगळी कामंही आपल्यावर येतात. तीव्र वेदनांवरचं मॉर्फिन हे औषध तोंडाने दिलं तर सहसा दर चार तासांनी द्यावं लागतं, रात्रीसुद्धा. एक आई प्रत्येक डोस कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायची, म्हणजे पहाटे उठणाऱ्या बाबांना विचारावं लागत नसे. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. "मॉर्फिनची सवय लागेल" ही भीती नातेवाईक घालतात. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या औषधाने मूल व्यसनी होत नाही. खरी अडचण ते मिळण्याची आहे. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारा) सुधारला, तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही, मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच आणावं लागतं. गाव लांब असेल तर किती दिवसांचं देतील, हे निघण्याआधी विचारा. रक्ताच्या कर्करोगात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा गडद रंगाची चादर आणि टॉवेल जवळ ठेवा. पांढऱ्यावर लाल दिसलं की मूल घाबरतं.

आयसीयूचा उपयोग बरं होण्यासारखं काही असेल तेव्हा, उदाहरणार्थ उपचाराला दाद देणारा संसर्ग. तसं नसेल तर तिथे नळ्या, आवाज आणि भेटीच्या ठराविक वेळा, आणि आई दाराबाहेर. खर्च तर वेगळाच. व्हेंटिलेटर नको म्हणणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. साध्या वॉर्डात आई रात्रभर शेजारी बसू शकते, नर्सही हाकेवर असते. घरी दुसरं मोठं माणूस नसेल तर वॉर्डच बरा.

हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करून त्यांची देखभाल करणारी जागा, हे घर आणि रुग्णालय या दोन्हींच्या मधलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७ पासून. दोन्हीकडे कर्करोगाच्या रुग्णांची मोफत देखभाल होते, आणि वारज्यात घरचं माणूस सोबत राहतं. पण खास मुलांसाठीच्या जागा आपल्याकडे फार कमी. मुलाचं वय आणि आजार सांगून आधी फोन करा. दुखणं आटोक्यात आणायला काही दिवस तिथे राहून मग घरी जाणं, हा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि नेमका तोच फार कमी जणांना सुचवला जातो.

एकदा ठरवलं म्हणजे बांधले गेलात असं नाही. घरी नेलेलं मूल परत वॉर्डात आणता येतं. म्हणून डिस्चार्ज घेताना कागदावर लिहून घ्या: रात्रीचा फोन नंबर, वेदना वाढली तर जादा डोस किती, आकडी (फिट) आली तर काय द्यायचं. मृत्यू घरी झाला तर कारणाचा दाखला द्यायला डॉक्टर लागतात. त्या दिवशी धावपळ नको, म्हणून जवळच्या डॉक्टरांना आजाराचे कागद आधीच दाखवून ठेवा.