माता-बाल संरक्षण कार्ड: ऊसतोडीच्या बाईला कितपत उपयोगी?

गरोदरपणाची नोंद झाली की सरकारी दवाखान्यातून जे घडीचं कार्ड मिळतं त्याचा हा रिव्ह्यू. आमच्याकडं त्याला सगळे नुसतं डोसाचं कार्ड म्हणतात. फुकट मिळतं म्हणून त्याच्यावर कुणी लिहीत नाही, पण बीडकडनं दसऱ्यानंतर कोल्हापूर सांगलीकडं ऊसतोडीला जी कुटुंबं जातात त्यांच्याकडं बाईच्या आणि बाळाच्या तब्येतीचा हाच एक कागद असतो, म्हणून मला लिहावंसं वाटलं. माझा भाऊ आणि वहिनी कोयत्यावर जातात, वहिनींचं कार्ड मी जवळून बघितलंय, त्यावरनं सांगते.

डोसाचं पान एक नंबर आहे. कुठली लस कधी, दिली कधी, सगळं एका तक्त्यात. आता बघा, बाळ भाद्रपदात झालं तर जन्मल्याबरोबरचे बीसीजी, पोलिओ, कावीळ ब हे गावाकडंच होतात, पण दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या तिन्ही वेळेला बाळ फडात असतं, म्हणजे पेंटाचे (पाच रोगांवरची एकच लस) तिन्ही डोस, रोटा (जुलाबावरची लस), न्यूमोनियाची लस सगळं तिकडंच घ्यायचं आणि पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, घरी येईस्तोवर बाळ सहा-सात महिन्यांचं झालेलं. गावातल्या आशाताईंच्या यादीत नाव असतं पण बाळ नसतं, तिकडच्या आशाताईंच्या गावात बाळ असतं पण यादीत नाव नसतं. या दोघींना जोडणारं मधे फक्त हे कार्ड.

वहिनी बाळाला घेऊन तिकडच्या एका आरोग्य केंद्रात गेल्या तर "तुमची नोंद बीडची ना, मग तिकडंच घ्या" म्हणून परत पाठवलं. दिवसाचा खाडा पडला, त्याचे पैसे कापले ते वेगळंच. मग शेजारच्या गावात लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत गेल्या. तिथल्या सिस्टरनी कार्ड उलगडलं, तारखांवरनं बोट फिरवलं, बाळाचा दंड बघितला, मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडात थेंब सोडले, पेनानं तारीख टाकली आणि पुढची तारीख पेन्सिलनं लिहून दिली. इतकं सोपं आहे हे! सरकारी लस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते, नोंद कुठलीही असो. आणि तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलं तिथून पुढं घ्यायचं, पोलिओ आणि गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस तर पाच वर्षांपर्यंत देतात. बायकांना हे कुणी सांगतच नाही, त्यांना वाटतं तारीख गेली म्हणजे डोस गेला.

दुसरं आवडलेलं पान म्हणजे धोक्याच्या लक्षणांची चित्रं. रक्त जाणं, झटके, चेहऱ्यावर हातावर सूज, जोराचा ताप. वाचता येत नसलं तरी कळतं. शेजारच्या कोपीतल्या (झोपडीतल्या) पोरीला सातवा महिना, तोंड सुजलेलं, डोकं दुखतंय, आणि घरचे म्हणतात मोळ्या वाहून वाहून होतंच असं. वहिनींनी कार्ड काढून चित्र समोर धरलं तेव्हा तिचा नवरा हलला, १०८ला फोन केला. बीपी वाढलेलं निघालं.

आता कमी काय. वजनाचा आलेख आमच्या बायकांना अजिबात कळत नाही, हिरवा पिवळा रंग कळतो पण ठिपका कुठं का दिला ते कुणी समजावत नाही. हिमोग्लोबिनच्या रकान्यात ९ लिहिलंय, बाईला वाटतं ९ म्हणजे चांगलंच असणार. गरोदरपणात ११च्या खाली म्हणजे रक्त कमी आणि ७च्या खाली गेलं तर तातडीनं मोठ्या दवाखान्यात, एवढं एक वाक्य तिथंच मोठ्या अक्षरात छापलं तर किती फरक पडेल. अक्षर बारीक आहे. कागद घडीवर फाटतो, पाचटाच्या कोपीत दव, धूर, पाणी सगळं लागतं, सोबत प्लॅस्टिकचं कव्हर द्यायलाच पाहिजे.

आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार, बाळंतपण आणि बाळाचे डोस झाले की बाईसाठी पुढं काहीच नाही. पाळीच्या तक्रारी, अंगावरनं पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं याला जागाच नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ला किती गाजलं, आमदार नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या बायकांच्या हातात आधीच्या तपासण्या लिहिलेला एखादा कागद असता तर "पिशवी काढून टाका" म्हणणाऱ्याला विचारता तरी आलं असतं की आधी दुसरा कुठला इलाज करून बघितला का.

५ पैकी ४ स्टार. एक कापलाय तो याच्यासाठी.

ज्यांच्या घरचं कुणी यंदा जाणार आहे त्यांनी टोळी निघायच्या आधी कार्डावर आशाताई आणि सिस्टरच्या फोन नंबरच्या रिकाम्या जागा असतात त्या भरून घ्या, सगळ्या पानांचे फोटो काढून नवऱ्याच्या आणि घरी राहणाऱ्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा. कार्ड हरवलं तरी घाबरू नका, डोसांची नोंद गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडं पण असते, फोन करून तिकडच्या सिस्टरशी बोलणं करून द्या. आणि कार्ड पेटीत तळाला नको, भाकरीच्या फडक्याशेजारी पिशवीत राहू द्या.