अनुदानातून आलेला डिजिटल वायरलेस संच: दोन वर्षांच्या वापरानंतर

पोलीस दल आधुनिकीकरण योजनेच्या अनुदानातून आमच्या पोलीस ठाण्याला मिळालेले डिजिटल वॉकीटॉकी संच मी वायरलेस ऑपरेटर म्हणून निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे रोज वापरले. ठाणे कोकणातले, हद्दीत घाट, खाडी आणि डोंगराआड दडलेल्या वाड्या, त्यामुळे संचाची खरी परीक्षा तिथे आपोआपच होत असे.

आधी चांगले सांगतो, कारण ते पुष्कळ आहे. जुन्या ॲनालॉग संचावर खाडीकाठच्या वाऱ्यात गाडीचा क्रमांक तीन-तीनदा विचारावा लागे. नव्या संचावर तोच क्रमांक एकदाच आणि स्वच्छ ऐकू येतो. साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन वेगळी संभाषणे चालतात, म्हणून विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीचा बंदोबस्त आणि वाहतूक यांचे संदेश एकमेकांवर आदळेनासे झाले. कोण बोलतो आहे हे नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर दिसते, आणि एकट्याने गस्त घालणाऱ्या शिपायासाठी वेगळे आणीबाणीचे बटण आहे. रात्री ड्यूटीवर बसलेल्या माणसाला त्याचा किती आधार वाटतो, हे मी अनुभवले आहे.

उणीव मात्र गंभीर आहे. ॲनालॉग आवाज दूर जाताना खरखरत क्षीण होतो आणि त्या खरखरीतूनही सरावलेला कान दोन शब्द पकडतो. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्पष्ट राहतो आणि पल्ल्याची सीमा ओलांडताच एकदम तुटतो, त्यामुळे घाटाच्या तिसऱ्या वळणानंतर गस्तीची गाडी आमच्यासाठी अक्षरशः नाहीशी होत असे. याचा दोष मी संचाला देत नाही. संच ज्या व्हीएचएफ रेडिओ लहरींवर चालतात त्या डोंगर ओलांडत नाहीत. त्यांना माथ्यावरचा रिपीटर, म्हणजे संदेश झेलून पुन्हा जोराने पुढे पाठवणारे यंत्र, लागतो, त्याला चांगला अँटेना, आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर रात्रभर टिकणारी बॅटरी. आमच्याकडे संच नवे आले, माथ्यावरची बॅटरी मात्र जुनीच राहिली.

इथे प्रश्न अनुदानाच्या रचनेचा येतो. ही योजना 1969-70 पासून चालू आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात खर्चाचा वाटा केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो, आणि 2021-22 ते 2025-26 या काळासाठी राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाला केंद्राने 4,846 कोटी रुपये मंजूर केले. रक्कम लहान नाही. परंतु आधीच्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा निधी सुटत नाही, आणि प्रमाणपत्रावर लिहायला सर्वांत सोपी वस्तू म्हणजे खोक्यात मोजून घेता येणारा संच. डोंगरावर बॅटरी चढवणे, मनोऱ्याचे गंजलेले बोल्ट बदलणे, केबलच्या जोडात शिरलेले पाणी काढणे, ही कामे दरवर्षी करावी लागतात आणि त्यांचा पैसा खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली मागायचा यावरच आमच्याकडे फायली फिरत राहिल्या. एका जुलैत रिपीटर सलग चार दिवस बंद होता; त्या चार दिवसांत माझ्या सहकाऱ्यांनी घाटातली गस्त स्वतःच्या मोबाईलच्या भरवशावर घातली, जिथे मोबाईललाही रेंज नव्हती. ते आठवले की आजही मला स्वस्थ बसवत नाही.

म्हणून माझे मत असे: संच उत्तम आहे, तो घ्यावा, पण खरेदीचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी बिट अंमलदारांना, म्हणजे हद्दीतला एकेक भाग सांभाळणाऱ्या पोलिसांना, सोबत घेऊन हद्दीतल्या प्रत्येक वाडीत प्रत्यक्ष बोलून पाहावे, आवाज कुठे तुटतो त्या जागा नकाशावर मांडाव्यात आणि रिपीटरची जागा व संख्या त्यावरून ठरवावी. संच दहा कमी आले तरी चालतील. रिपीटरसाठी सौर पॅनल, बदली बॅटरी आणि किमान पाच वर्षांचा देखभाल करार त्याच मागणीत घालावा. आणि माथ्यावरची तपासणी मे महिन्यातच उरकावी, कारण जूनमध्ये ती पायवाट निसरडी होते आणि वर जाणारा तंत्रज्ञही माणूसच असतो.