न उचललेल्या कॉलचं पुढे काय होतं? ऑफिसच्या आयपी फोन सिस्टीमचा काही महिन्यांचा अनुभव

फोन सिस्टीम निवडताना सगळे आधी फीचर्सची यादी मागतात. आयव्हीआर (‘यासाठी १ दाबा’ असं सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज), क्यू (कॉलची रांग), रेकॉर्डिंग, मोबाइल ॲप, ईमेलवर येणारा व्हॉइसमेल. हल्ली कुठलीही बरी आयपी पीबीएक्स (ऑफिसमधले कॉल जोडणारी, नेटवर्कवर चालणारी यंत्रणा) घेतली तरी हे सगळं तिच्यात असतंच, त्यामुळे यादी वाचून हाती काही लागत नाही. रोजच्या वापरातून माझं मत असं झालंय की सिस्टीम एकाच प्रश्नावर पारखावी: बाहेरून कॉल आला आणि कुणीच उचलला नाही, तर तो जातो कुठे? प्रत्येक वळणावर याचं उत्तर ठरवून ठेवता येत असेल, तर ती सिस्टीम चांगली. आमच्याकडची तशी आहे आणि म्हणून मला ती आवडते. मात्र हे उत्तर ती स्वतःहून देत नाही. सेटिंगमध्ये बसून एकेक रकाना भरावा लागतो.

आमची रचना साधी आहे. पीबीएक्स ऑफिसमध्येच, टेबलांवर पीओई स्विचवर (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणाऱ्या पेटीवर) चालणारे आयपी फोन, बाहेरच्या कॉलसाठी एसआयपी ट्रंक, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या फोन लाइन. रिसेप्शन, विक्री, सर्व्हिस आणि अकाउंट्स असे चार विभाग. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालच्या बहुतेक गोष्टी कुठल्याही सिस्टीमला लागू पडतील.

सुरुवात रिंगच्या वेळेपासून करते. लोक म्हणतात, ‘चार रिंग वाजू दे, मग पुढे पाठव.’ पण सिस्टीमला वेळ सेकंदांत हवी असते, आणि रिंगची लांबी देशागणिक बदलते. उत्तर अमेरिकेत दोन सेकंद घंटा आणि चार सेकंद शांतता, म्हणजे एक फेरी सहा सेकंदांची. ब्रिटनमध्ये दोन छोट्या घंटा आणि मग शांतता, फेरी तीनच सेकंदांची. त्यामुळे सेकंदच ठरवावेत. आम्ही रिसेप्शनला १५ सेकंद ठेवलेत. तेवढ्यात उचलला नाही तर कॉल थेट विभागाच्या क्यूमध्ये जातो. पलीकडे थांबलेल्या माणसाला १५ सेकंद बरेच वाटतात, यावर विश्वास बसत नसेल तर एकदा बाहेरून स्वतःच्या ऑफिसला फोन लावून घड्याळाकडे बघा.

रिंग ग्रुपबद्दल (एका कॉलवर अनेक फोन वाजवण्याच्या सोयीबद्दल) माझं स्पष्ट मत आहे: ‘सगळे फोन एकदम वाजवा’ हा पर्याय दोन-तीन माणसांपर्यंतच ठीक. त्यापुढे गेलं की चौघांचे फोन एकदम वाजतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा उचलेल. जे सगळ्यांचं काम, ते कुणाचंच नाही. सर्व्हिस विभागात आम्ही रिंग ग्रुप काढून क्यू लावली आणि वाटप ‘ज्याला शेवटचा कॉल घेऊन सर्वांत जास्त वेळ झालाय त्याला’ या पद्धतीने ठेवलं. आता फोन एकाच्याच टेबलावर वाजतो आणि तो आपल्यासाठीच आहे हे त्याला कळतं. कॉल संपल्यावर नोंद करायला थोडी उसंत देणारं एक सेटिंग असतं, रॅप-अप टाइम नावाचं. ते शून्यावर ठेवलं तर रिसीव्हर खाली ठेवतो न ठेवतो तोच पुढचा कॉल येतो, आणि माणूस वैतागून क्यूमधून लॉगआउटच होतो.

क्यूमध्ये एक रकाना असा आहे की तो नीट वाचल्याशिवाय सिस्टीम सुरूच करू नये. क्यूमध्ये एकही माणूस लॉगिन नसेल तर नव्या कॉलला आत घ्यायचं का? उत्तर ‘हो’ असेल, तर संध्याकाळी शेवटचा माणूस लॉगआउट करून घरी गेल्यावरही बाहेरचा कॉल क्यूमध्ये शिरतो, छान संगीत ऐकत बसतो, आणि त्याला उत्तर द्यायला कुणी नसतं. इथे ‘नाही’ निवडा आणि त्या कॉलसाठी पुढचा पत्ता द्या. त्यालाच जोडून, जास्तीत जास्त किती वेळ थांबवायचं हेही भरा. आमच्याकडे तीन मिनिटांनंतर ‘नंबर ठेवून जा, आम्ही फोन करतो’ हा पर्याय येतो. लोक तो खरोखर वापरतात.

टेबलावर नसलेल्या माणसाचा कॉल मोबाइलवर पाठवण्याची सोय, म्हणजे फॉलो-मी, सगळ्यांना हवी असते. तिच्यात एक खोच आहे. मोबाइल बंद असेल किंवा उचलला नाही तर मोबाइल कंपनीचा व्हॉइसमेल कॉल उचलतो. पीबीएक्सच्या दृष्टीने तो ‘उचलला गेलेला’ कॉल ठरतो, ती पुढचे सगळे मार्ग सोडून देते, आणि ऑफिसचा ग्राहक कुणाच्या तरी खासगी व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडतो. यावर उपाय सिस्टीममध्येच असतो: कॉल कन्फर्मेशन. मोबाइल उचलणाऱ्याला ‘कॉल घेण्यासाठी १ दाबा’ असं ऐकू येतं. यंत्र १ दाबत नाही, त्यामुळे कॉल परत येऊन पुढच्या माणसाकडे जातो. हे सेटिंग फॉलो-मीच्या पानावर खाली कुठेतरी असतं आणि बहुधा बंद असतं. सर्वांत आधी ते चालू करा.

आयव्हीआरचं फार कौतुक करणार नाही. तीन-चार पर्यायांच्या वर जाऊ नये आणि आधी काम सांगून मग आकडा सांगावा: ‘बिलासाठी २ दाबा’. ‘२ दाबा बिलासाठी’ म्हटलं की ऐकणारा आकडा विसरतो. महत्त्वाचं काय, तर काहीच दाबलं नाही आणि चुकीचं दाबलं, या दोन्हींचे पत्ते भरलेले हवेत. काहीही न दाबता थांबणारे लोक भरपूर असतात आणि त्यांना सरळ माणूस हवा असतो. आमच्याकडे ते रिसेप्शनला जातात.

बटण दाबूनही आयव्हीआरला कळत नसेल तर दोष दाबणाऱ्याचा नसतो. फोनचं प्रत्येक बटण दोन सुरांची जोडी पाठवतं. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. जी.७२९ सारखे, आवाजाचा डेटा दाबून लहान करणारे कोडेक (आवाजाचं डेटात रूपांतर करण्याच्या पद्धती) माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले आहेत, त्यांच्यातून हे सूर बिघडून जातात. म्हणून बटणं आवाजातून न पाठवता वेगळ्या संदेशाने पाठवतात. सेटिंगमध्ये त्याचं नाव बहुतेक ठिकाणी आरएफसी २८३३ असं दिसतं. फोन, पीबीएक्स आणि ट्रंक तिन्हीकडे तेच निवडलेलं असलं की तक्रार मिटते. होल्डचं संगीत खरखरतं तेही अशा कोडेकमुळेच. डेटा फारसा न दाबणाऱ्या जी.७११ कोडेकवर तेच संगीत ऐकण्याजोगं होतं.

आता ट्रान्सफर. ब्लाइंड ट्रान्सफर म्हणजे न विचारता कॉल ढकलणं, अटेंडेड म्हणजे आधी बोलून मग देणं. रिसेप्शनला घाई असते, ब्लाइंड वापरलं जातंच, आणि त्यात वाईटही काही नाही. फक्त ज्याच्याकडे ढकलला त्याने उचलला नाही तर कॉल ढकलणाऱ्याकडे परत यायला हवा. आमच्या सिस्टीममध्ये त्यासाठी वेगळं सेटिंग आहे. ते चालू केल्यावर परत आलेला कॉल स्क्रीनवर वेगळ्या नावाने दिसतो, त्यामुळे रिसेप्शनला ‘नमस्कार, कोण बोलतंय?’ पासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही.

कॉल पार्क हे मात्र मला सर्वांत आवडलेलं फीचर. माणूस टेबलावर नाही, पण इमारतीत कुठेतरी आहे. अशा वेळी कॉल पार्क करायचा, सिस्टीम जागेचा नंबर सांगते, तो नंबर त्या माणसाला कळवायचा आणि तो जवळच्या कुठल्याही फोनवरून कॉल घेतो. ॲस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलमध्ये ७०० हा पार्कचा नंबर, ७०१ ते ७२० या जागा आणि ४५ सेकंदांची मुदत असते. मुदत संपली की कॉल पार्क करणाऱ्याकडे परत जातो. होल्डवर ठेवलेला कॉल एकाच फोनवर अडकतो, पार्क केलेला सगळ्या ऑफिसचा होतो. पार्कच्या पहिल्या काही जागा रिसेप्शनच्या फोनवर दिव्याच्या बटणांवर लावून घ्या. दिवा पेटलेला दिसला की कुणीतरी थांबलंय हे विसरता येत नाही.

त्याच दिव्यांबद्दल आणखी एक. डीएनडी (‘मला कॉल नको’) फोनच्या बटणावरून लावलेला आणि सिस्टीमच्या कोडने लावलेला, हे दोन वेगळे असू शकतात. फोनवरून लावला तर फोन नुसता ‘बिझी’ म्हणतो आणि रिसेप्शनकडे त्या फोनसाठी लावलेल्या दिव्याला त्याचा पत्ताही नसतो. दिवा हिरवाच राहतो. सिस्टीमच्या कोडने लावला तर दिव्यावर दिसण्याची सोय करता येते. आम्ही फोनवरचं ते बटण प्रोव्हिजनिंग फाइलमधूनच (फोनची सेटिंग आपोआप भरणाऱ्या फाइलमधून) बदलून टाकलं: दाबलं की सिस्टीमचा कोड डायल होतो.

आवाजाच्या बाबतीत एकच गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिने खूप लोक हैराण होतात. कॉल लागतो, बोलणं सुरू होतं, आणि साधारण अर्ध्या मिनिटाने तुटतो. किंवा एका बाजूचाच आवाज येतो. सर्वांत आधी राउटरमधलं एसआयपी एएलजी हे सेटिंग बघा. ते एसआयपीच्या (कॉल जोडण्या-तोडण्याच्या भाषेच्या) निरोपांमधले पत्ते मध्येच बदलतं, मदत करण्याच्या हेतूने, आणि बऱ्याचदा चुकीचे बदलतं. एसआयपीच्या नियमात कॉल उचलल्यावर दुसऱ्या बाजूकडून पोच यावी लागते. ती आली नाही तर पीबीएक्स ३२ सेकंद वाट बघते आणि कॉल संपवते. म्हणून तो तुटण्याचा वेळ दर वेळी इतका सारखा असतो. आमच्याकडे एएलजी बंद केल्यावर हा त्रास थांबला. कॉल जर कधी दोन मिनिटांनी, कधी दहा मिनिटांनी, असा अनियमित तुटत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

बँडविड्थची भीती मात्र अनाठायी असते. जी.७११ चा एक कॉल सेकंदाला ६४ किलोबिटचा, पॅकेटांची वेष्टणं धरून एका दिशेला सुमारे ८७. दहा कॉल एकदम चालू असले तरी एक मेगाबिट लागत नाही. अडचण रांगेची असते: कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की आवाजाची पॅकेटं तिच्यामागे अडकतात. आवाजाच्या पॅकेटांना डीएससीपी ४६ ची (‘हे आधी जाऊ द्या’ सांगणारी) खूण, फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क) आणि राउटरवर त्या खुणेला अग्रक्रम, एवढं केलं की पुरतं.

किती लाइन घ्यायच्या याचा हिशेब डॅनिश गणिती ए. के. एरलांग यांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलाय आणि तो आजही तसाच चालतो. सर्वांत गर्दीच्या तासात ६० कॉल, प्रत्येक सरासरी तीन मिनिटांचा, म्हणजे १८० मिनिटं, म्हणजे ३ एरलांग (तासभर सतत चालू असलेली एक लाइन म्हणजे १ एरलांग). शंभरात एकापेक्षा कमी कॉलला ‘सर्व लाइन व्यस्त’ ऐकू यावं असं वाटत असेल तर ८ लाइन लागतात. तीनच घेतल्या तर गणित सरासरीला बरोबर दिसतं, पण कॉल रांगेने येत नाहीत, झुंडीने येतात. आणि व्यस्त लाइनवरून परतलेला कॉल पीबीएक्सपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तो तिच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

रेकॉर्डिंग चांगलं आहे, सापडायलाही सोपं. जी.७११ तसंच साठवलं तर तासाला सुमारे २९ एमबी. कार्डचा सुरक्षा कोड घेताना रेकॉर्डिंग थांबवणारं बटण फोनवर हवंच, कारण तो साठवून ठेवायला पीसीआय डीएसएस, म्हणजे कार्ड-सुरक्षेची नियमावली, मनाई करते. सुरक्षेबद्दल थोडक्यात: एक्स्टेंशनचा (ऑफिसमधल्या प्रत्येक फोनच्या आतल्या नंबरचा) पासवर्ड लांब आणि यादृच्छिक ठेवा, परदेशी कॉल ज्यांना लागतात त्यांनाच उघडा, एसआयपीचा ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. लॉग उघडून बघितलात तर १००, १०१, १०२ असे एक्स्टेंशन क्रमाने चाचपणारे बॉट दिसतील.

तातडीचे नंबर मात्र घाईत उरकू नयेत. २०१३ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना तिची नऊ वर्षांची मुलगी पुन्हा पुन्हा ९११ लावत राहिली. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागतो हे तिला माहीत नव्हतं. कॉल गेलाच नाही, आई वाचली नाही. त्यातून त्या आईच्या, केरीच्या नावाने ‘केरीज लॉ’ हा कायदा झाला आणि २०२० पासून तिथे नव्या सिस्टीममध्ये ९११ थेट लागलाच पाहिजे. तुमच्या देशात कायदा असो वा नसो, आपल्याकडचा तातडीचा नंबर आधी काही न दाबता लागतो का, हे डायल प्लॅनमध्ये (कुठला नंबर दाबल्यावर काय व्हावं याच्या नियमांत) आजच बघा. आणि वीज गेल्यावरही लागायला हवा, म्हणजे पीबीएक्सबरोबर पीओई स्विच आणि राउटरही यूपीएसवर हवेत. फोन स्विचमधूनच वीज घेतात, हे बऱ्याच ठिकाणी लक्षात घेतलेलं नसतं.

तक्रारी दोन. पहिली मोबाइल ॲपची: फोन बराच वेळ पडून राहिला असेल तर ॲप जागं व्हायला वेळ घेतं आणि तोवर कॉल पुढे गेलेला असतो. बॅटरी बचतीतून ॲपला सूट दिल्यावर फरक पडला, पूर्ण गेला नाही. त्यामुळे क्यूमधल्या माणसांना मी ॲपवर बसवत नाही.

दुसरी जास्त खुपते. सोडून दिलेल्या कॉलचा रिपोर्ट हा या सिस्टीमचा सर्वांत उपयोगी भाग. कोण किती वाजता थांबलं, किती सेकंद वाट बघून फोन ठेवला, सगळं त्यात येतं, आणि सकाळी मी पहिल्यांदा तेच पान उघडते. पण विक्रीतल्या कुणी त्या ग्राहकाला परत फोन केला, तरी तो नंबर यादीतून निघत नाही. त्याच एक्स्टेंशनवरून केला तरच सिस्टीमला कळतं. मग दोघं-तिघं एकाच माणसाला फोन करतात. उत्पादकाला लिहिलंय, पुढच्या आवृत्तीत बघू असं उत्तर आलंय. तोवर यादी छापून रिसेप्शनला ठेवतो आणि फोन करणारा नंबरासमोर स्वतःची सही करतो.