चिंबोरीच्या पिल्लांचं खाद्य: माशाचं तेल, सोयाबीनचं की पामतेल?

खाडीतल्या चिंबोरी खेकड्याची, मालवणकडे म्हणतात त्या कुर्लीची, पिल्लं नर्सरीत वाढवायची आणि खाद्य घरीच करायचं ठरलं की सगळा हिशेब प्रथिनांचा होतो. फिशमील (सुक्या माशाची पूड) किती, सोयापेंड किती, भाव काय. तेलाची आठवण अगदी शेवटी होते, आणि मग स्वयंपाकघरात जो डबा असेल तोच उपडा केला जातो. पिल्लांच्या बाबतीत ही काटकसर महागात पडते.

चिंबोरी रोज थोडीथोडी वाढत नाही. ती कात टाकते आणि नवं कवच कडक व्हायच्या आधी पाणी पिऊन एकदम फुगते, तेवढीच तिची वाढ. कात टाकायला लावणारं संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून बनतं, आणि आपल्यासारखं कोलेस्टेरॉल अंगात तयार करणं खेकडे-कोळंबीसारख्या कवचधाऱ्यांना जमत नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं. ईपीए आणि डीएचए या लांब साखळीच्या ओमेगा-३ आम्लांचंही जवळपास तसंच. जवस किंवा सोयाबीनमधल्या छोट्या साखळीच्या आम्लापासून ती बनवण्याची चिंबोरीची ताकद जुजबी आहे. यातलं काही कमी पडलं की कात लांबते, किंवा पिल्लू अर्ध्या कातीत अडकून मरतं. वाढीत मागं पडलेलं पिल्लू शेजारच्या मोठ्या भावंडाच्या नांगीत सापडतं ते वेगळंच.

आधी किती, मग कोणतं. फिलिपाइन्समधल्या चाचण्यांत याच जातीची पिल्लं ३२ ते ४० टक्के प्रथिनं आणि ६ ते १२ टक्के चरबीवर चांगली वाढली. तैवानमधल्या प्रयोगात चरबीची योग्य मर्यादा ५.३ ते १३.८ टक्के निघाली. पट्टा एवढा रुंद दिसला की १२ टक्क्यांकडे झुकण्याचा मोह होतो. मी ८ च्या आसपास थांबेन. चरबी वाढली की पिल्लाची ऊर्जेची भूक लवकर भागते, ते कमी खातं आणि प्रथिनंही कमीच पोटात जातात. उरलेली चरबी यकृतासारख्या पाचक ग्रंथीत साठते. शिवाय तेलकट गोळी पाण्यात लवकर सुटते. चिंबोरी मासळीसारखी गोळी गिळत नाही, नांगीत धरून कुरतडते, त्यामुळे अर्धं खाद्य तळाशी जाऊन पाणी नासवतं.

आता तेलं. माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए मिळून ढोबळ मानाने २० ते ३० टक्के भरतात, म्हणून पिल्लांसाठी त्याला तोड नाही. पण ते महाग, आणि कोकणच्या दमट हवेत लवकर खवट होतं. खवट तेल तर न घातलेलंच बरं. होडीला फासायला ठेवलेलं तेल चुकूनही खाद्यात नको. तेलरंगासारखा वास येतो तोच खवटपणाचा इशारा.

सोयाबीन तेल स्वस्त आणि हाताशी असलेलं. त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल (ओमेगा-६), ७-८ टक्के अल्फा-लिनोलेनिक (वर सांगितलेलं छोट्या साखळीचं ओमेगा-३), आणि ईपीए-डीएचए शून्य. ऊर्जेसाठी ते उत्तम, पण एकट्याच्या जिवावर नर्सरी सोडू नये. पामतेलातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त, खोबरेलाची तर सुमारे ९० टक्के. नर्सरीच्या वयात दोन्ही माझ्या यादीत नाहीत, घरचं खोबरेल कितीही शुद्ध असलं तरी.

मग नुसती ताजी तारली किंवा पेडवेच का टाकू नयेत? टाकतात, आणि पिल्लं आवडीने खातातही. पण तारलीतली चरबी हंगामानुसार फार बदलते, पावसाळी मासेमारी बंदीत ती मिळणं अवघड होतं आणि उरलेल्या तुकड्यांनी टाकीचं पाणी बिघडतं. मोठ्या तलावात ते खपून जातं, नर्सरीच्या टाकीत नाही.

माझा कौल मिश्रणाला. १०० किलो खाद्यात ४० किलो फिशमील असेल तर त्यातूनच साडेतीन-चार किलो चरबी येते. हा हिशेब बरेच जण विसरतात. आठ टक्क्यांच्या हिशेबाने उरलेल्या चार किलोंपैकी एक किलो सोया लेसिथिन (सोयाबीन तेलातून निघणारा चिकट स्निग्ध पदार्थ), दोन किलो माशाचं तेल आणि एक किलो सोयाबीन तेल. लेसिथिनमधल्या फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीमुळे कोलेस्टेरॉल आणि चरबी अंगात नीट फिरते, म्हणून तेलात काटकसर केली तरी लेसिथिनमध्ये करू नका. कोळंबीच्या डोक्यांची पूड आठ-दहा किलो घातली तर कोलेस्टेरॉलला हातभार लागतो. तैवानच्याच कामात पिल्लांना सुमारे ०.५ टक्के कोलेस्टेरॉल मानवलं आणि १ टक्क्याच्या वर गेल्यावर नुकसान दिसलं. तेव्हा शुद्ध कोलेस्टेरॉलची महाग पुडी आणून अंदाजाने ओतण्यात अर्थ नाही.

भाताचा कोंडा घालणार असाल तर तेल काढलेलाच घ्या. तेलासकट कोंड्यात १२ ते १८ टक्के चरबी असते, ती वरचा सगळा हिशेब उलटवते आणि चार दिवसांत खवटही होते.

खर्चामुळे अजूनही मन सोयाबीनकडेच ओढत असेल तर दोन हापे (जाळीचे पिंजरे) लावा, दोन्हींत सारख्याच संख्येची आणि सारख्याच आकाराची पिल्लं, लपायला कौलांचे तुकडे. एकात मिश्रण, दुसऱ्यात नुसतं सोयाबीन तेल. सहा आठवड्यांनी वजन कराच, पण त्याआधी डोकी मोजा. सरासरी वजन फसवं असतं, कारण ज्या हाप्यात निम्मी पिल्लं उरलेल्यांच्या पोटात गेली, तिथली उरलेली जाडजूडच दिसतात.