भायलो आणि गावकार : ‘ब्रॉडचर्च’च्या पहिल्या पर्वाचा आठवा भाग

‘ब्रॉडचर्च’ ही ब्रिटिश गुन्हेमालिका ज्यांनी पाहिलेली नाही आणि जिचा खुनी कोण हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी हे परीक्षण येथेच थांबवून आधी मालिका पाहावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. पहिल्या पर्वाच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या भागाविषयी मला लिहायचे आहे आणि खुन्याचे नाव टाळून त्याविषयी लिहिता येणार नाही. रहस्य उलगडणे हा या भागाचा हेतूच नाही. रहस्य उलगडल्यावर दोन सहकाऱ्यांच्या नात्याचे काय होते, हे तो दाखवतो, आणि गुन्हेमालिकांमध्ये इतक्या कसबाने ते मी क्वचितच पाहिले आहे.

मालिका क्रिस चिबनॉल यांनी लिहिलेली. २०१३ च्या मार्च-एप्रिलमध्ये ती आयटीव्ही या वाहिनीवर आठ भागांत दाखवली गेली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात, वेस्ट बे येथील उभ्या पिवळसर कड्यांखाली तिचे बरेचसे चित्रीकरण झाले. अकरा वर्षांच्या डॅनी लॅटिमरचे प्रेत त्या कड्याखालच्या वाळूवर सापडते आणि तपास दोघांकडे येतो. इन्स्पेक्टर अ‍ॅलेक हार्डी (डेव्हिड टेनंट) बाहेरून नुकताच बदलून आलेला आहे, तर सार्जंट एली मिलर (ऑलिव्हिया कोलमन) त्याच गावात राहणारी, डॅनीच्या आईची मैत्रीण, आणि तिचा मुलगा टॉम हा डॅनीचा मित्र.

मी गोव्यातल्या पेडण्याकडच्या किनारपट्टीवरील गावात राहते. आमच्याकडे ‘भायलो’ (बाहेरचा) आणि ‘गावकार’ (मूळ गावचा) हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, आणि त्यांच्यामागे किती इतिहास, किती अभिमान व किती भीती आहे हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. एली ही त्या गावची गावकार आणि हार्डी हा भायलो, इतके एकदा मनात धरले की या जोडीचे सगळे वागणे आपल्याला घरच्यासारखे कळू लागते. ज्या जागेवर आपली नेमणूक होईल अशी एलीला आशा होती, ती जागा ती कुटुंबासह फ्लोरिडाच्या सुट्टीवर असताना हार्डीला देण्यात आली. कामावर रुजू झालेल्या दिवशी तिला हे कळते आणि त्याच दिवशी डॅनीचे प्रेत सापडते. वाळूवरचा मुलगा तिने लहानपणापासून पाहिलेला आहे, म्हणून ती रडते. हार्डी तिला स्वतःला सावरायला सांगतो. पुढचे सगळे भाग त्या दोन प्रतिक्रियांमधल्या अंतरावर उभे आहेत. गावातल्या कोणावरही विश्वास ठेवू नको, असे तो तिला बजावत राहतो. या माणसांना मी ओळखते, हे तिचे उत्तर ठरलेले असते. योग्य परिस्थिती आली तर कोणीही खून करू शकतो असे त्याचे मत, तर बहुतेक माणसांना चांगल्या-वाइटाची जाण असते असे तिचे.

इथवरची मांडणी नवी नाही. कोरडा वरिष्ठ आणि प्रेमळ कनिष्ठ ही जोडी गुन्हेमालिकांनी कितीतरी वेळा वापरलेली आहे. चिबनॉल यांचे कौशल्य असे की सात भाग त्यांनी या जोडीला आपल्या सवयीची होऊ दिली. हार्डी तिला ‘मिलर’ म्हणतो. आपल्याला आडनावाने हाक मारलेली आवडत नाही, एली म्हणावे, असे ती पहिल्याच भेटीत सांगते, पण त्याच्या तोंडी ते नाव बसत नाही. आपल्याकडेही पोलीस ठाण्यात ‘नाईक’, ‘गावस’ अशा आडनावानेच हाका मारतात, म्हणून सुरुवातीला मला त्यात विशेष काही वाटले नव्हते. मधल्या एका भागात ती त्याला घरी जेवायला बोलावते. हा एकलकोंडा माणूस वाइन, फुले आणि चॉकलेट असे तिन्ही घेऊन दारात उभा राहतो, कारण काय न्यावे हे त्याला सुचलेले नसते. त्या रात्री स्वयंपाक एलीचा नवरा जो (मॅथ्यू ग्रॅव्हेल) करतो. तान्ह्या मुलाला सांभाळण्यासाठी रुग्णवाहिकेवरची नोकरी सोडून घरी बसलेला, हसतमुख, कोणालाही आवडावा असा नवरा. आता पुन्हा पाहताना तो जेवणाचा प्रसंग मला सहन होत नाही.

आठव्या भागात डॅनीच्या मोबाइलचा संकेत सुरू होतो. हार्डी एकटाच त्याचा माग काढत चालत जातो आणि पोहोचतो तो एलीच्या घरी. तेथे एलीचा नवरा, जो मिलर, फोन हातात घेऊन उभा आहे. लपून राहण्याचा त्यालाच कंटाळा आला आहे. पाठलाग नाही, झटापट नाही. भागाचा बराच मोठा हिस्सा अजून शिल्लक असताना हे घडते, आणि लेखकाने आपला वेळ कशासाठी राखून ठेवला होता हे तेव्हा लक्षात येते. खुनी सापडल्यावर हार्डीपुढे जे काम उरते, ते पोलिसाचे आहेच, पण माणसाचे अधिक आहे. आपल्या सहकाऱ्याला हे सांगायचे कसे?

ज्या खोलीत बसून दोघांनी इतरांना प्रश्न विचारले, त्याच चौकशीच्या खोलीत तो तिला सांगतो. मी गावच्या जत्रेतल्या नाटकांत बरीच वर्षे काम करते, आणि दोघांचा प्रवेश कसा फसतो हे मला चांगले माहीत आहे. तो बहुतेकदा बोलणाऱ्यामुळे फसत नाही. समोरचा आपल्या वाक्याची वाट पाहत नुसता उभा राहतो, त्याने फसतो. येथे टेनंट यांच्याकडे वाक्ये आहेत, पण प्रवेश कोलमन यांच्या ऐकण्यावर चालतो. आधी ती पोलीस म्हणून उत्तरे देते. मग प्रश्नांची दिशा तिच्या घराकडे वळते आणि तिचा चेहरा, तिने स्वतः काही कबूल करण्याआधीच, सगळे समजून चुकतो. नंतर ती नाही म्हणते, खोलीच्या कोपऱ्याकडे सरकते, तिचे अंग ढवळून निघते. हार्डी आवाज चढवत नाही. आठ भाग ज्याचा आवाज कठोर होता, त्या माणसाला मृदू बोलणे जमत नाही आणि तरीही तो ते करतो आहे, हे टेनंट यांनी फार संयमाने दाखवले आहे. ज्या नावाने हाक मारायला तो इतके दिवस तयार नव्हता, ते ‘एली’ हे नाव येथे त्याच्या तोंडून येते. मी मघाशी ज्या आडनावाच्या हाकेकडे दुर्लक्ष केले होते, तिचा हिशेब येथे पुरा होतो.

या प्रवेशाला आणखी एक पदर आहे, आणि माझ्या मते तोच या जोडीचा गाभा आहे. सँडब्रुक येथील जुन्या खटल्यात महत्त्वाचा पुरावा गहाळ झाला आणि त्याचा ठपका हार्डीने आयुष्यभर स्वतःवर घेतला, हे आपल्याला सुरुवातीपासून सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की तो पुरावा त्याच्या बायकोच्या गाडीतून चोरीला गेला. तीही त्याच तपासातली पोलीस अधिकारी होती आणि त्या वेळी ती दुसऱ्या पुरुषाबरोबर हॉटेलात थांबली होती. आपल्या मुलीला हे कळू नये म्हणून हार्डीने दोष पत्करला. त्यामुळे त्या खोलीत एलीसमोर बसलेला माणूस हा केवळ तिचा वरिष्ठ राहत नाही. घरातल्या माणसाने केलेली फसवणूक म्हणजे काय, हे त्या गावात एलीखेरीज आणखी कोणाला कळत असेल, तर ते त्यालाच. कोणावरही विश्वास ठेवू नको, हे त्याचे सांगणे आपण इतके दिवस स्वभावाचा तुसडेपणा समजत होतो. ती खरी तर जखम होती. लेखक हे एका वाक्यानेही बोलून दाखवत नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढे एली जोला पाहायला जाते आणि त्याला लाथा घालते. तिला ओढून बाहेर काढावे लागते. पाहताना आपल्याला ते योग्यच वाटते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मात्र २०१५ च्या दुसऱ्या पर्वात जो न्यायालयात गुन्हा नाकारतो आणि याच मारहाणीमुळे त्याचा कबुलीजबाब बाद होतो. सबंध मालिकाभर कायद्याच्या चौकटीत वागलेली बाई एकदाच चौकट सोडते आणि त्याची किंमत लॅटिमर कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना माझी सहानुभूती तशीच राहिली, पण जीव घाबरला.

आमच्या घरी हा भाग मी सासूबाईंसोबत पाहिला. त्यांना इंग्रजी समजत नाही, म्हणून मी मधूनमधून मराठीत सांगत होते. जोचे नाव कळल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “काय गो, इतकी वर्षं एका छपराखाली राहून हिला कळलं कसं नाही?” मी काही उत्तर देण्याआधीच कथा तेथे येऊन पोहोचली. डॅनीची आई बेथ (जोडी व्हिटेकर) एलीला नेमके हेच विचारते. आणि त्याहून कठीण गोष्ट अशी की आधीच्या एका भागात, नवऱ्याच्या दुष्कृत्याची कल्पना नव्हती असे सांगणाऱ्या सूझन राइटला एलीनेच हा प्रश्न पोलिसी तिरस्काराने विचारलेला असतो. सासूबाईंना मी ते आठवून दिले. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. त्या दोन प्रश्नांच्या मध्ये एलीचे स्थान बदलून जाते. तोवर ती गावाच्या बाजूने प्रश्न विचारणारी होती. आता गाव तिला प्रश्न विचारते. गावकार बाई आपल्याच गावात भायली होते, आणि हार्डी, जो कधी गावचा झालाच नाही, तोच एकटा तिच्याजवळ बसू शकतो.

भागात उणिवा नाहीत असे नाही. जोच्या जबाबासोबत खुनाच्या रात्रीची दृश्ये दाखवली आहेत. ती गरजेपेक्षा लांबली आहेत. डॅनीवर आपले प्रेम होते असे जो म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दांतला खोटेपणा उघडा पाडायला हार्डीचे दोन प्रश्न पुरेसे होते. स्वतःला मृतांचे निरोप येतात असे सांगणाऱ्या टेलिफोन कर्मचाऱ्याचे उपकथानक या भागापर्यंत आणण्यात मला काही अर्थ दिसला नाही. किनाऱ्यावर डॅनीच्या आठवणीसाठी आग पेटवतात आणि दूरच्या टेकड्यांवर एकामागून एक आगी दिसू लागतात, हे दृश्य सुंदर आहे, ओलाफुर अर्नाल्ड्स यांचे संगीतही हृदयाला भिडते. पण सारा गाव सावरला अशी जी समजूत ते करून देते, ती मला जरा घाईची वाटली. याच गावाने आणि वर्तमानपत्रांनी वृत्तपत्र-दुकानदार जॅक मार्शलला निव्वळ संशयावरून मृत्यूपर्यंत लोटले, ते इतक्या लवकर विसरता येण्याजोगे नाही. ती भूमिका करणारे डेव्हिड ब्रॅडली यांना २०१४ चे बाफ्टा हे ब्रिटिश दूरचित्रवाणी पारितोषिक मिळाले, तसेच कोलमन यांना प्रमुख अभिनेत्रीचे आणि मालिकेलाही. तिन्ही योग्य हाती गेली.

पर्यटनावर जगणाऱ्या किनाऱ्यावरील गावात बातमी कशी फिरते, कोणाच्या धंद्याला ती किती महाग पडते, आणि माणसे एकमेकांना ओळखतात म्हणजे नेमके काय ओळखतात, हे इतक्या बारकाईने आले आहे की मला वारंवार आमच्या वाड्यावरची दारे आठवत होती. आम्ही हा भाग जूनमध्ये पाहिला. किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळी, म्हणजे शॅक, मोडून झाले होते, परगावची माणसे परत गेली होती आणि गावात फक्त गावचे लोक उरले होते. अशा दिवसांत तो पाहणे अधिक जड गेले.

गुन्हेमालिकेतील जोडी म्हणजे नोकझोक, चटपटीत संवाद आणि शेवटी एकमेकांच्या पाठीवर थाप, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांना हा भाग संथ वाटेल. ज्यांना अभिनय शिकायचा आहे, त्यांनी चौकशीच्या खोलीतला प्रवेश आवाज बंद करून एकदा तरी पाहावा. फक्त कोलमन यांचे खांदे पाहावेत. आठही भाग क्रमाने पाहावेत, हा केवळ शेवट वेगळा काढून पाहू नये, कारण त्याची सगळी ताकद आधीच्या सात भागांतल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत साठवलेली आहे.

शेवटी दोघे पाण्याकडे तोंड करून बाकावर बसतात. हृदयाच्या आजारामुळे हार्डीचे काम सुटले आहे, एलीचे घर राहिलेले नाही. समोर तोच किनारा आहे. तो तिला धीर देण्यासाठी मोठे असे काही बोलत नाही, आणि तीही त्याला बोलायला लावत नाही. कॅमेरा दूर जातो तेव्हा दोघांमध्ये बाकावर थोडी जागा मोकळीच असते.